कोपऱ्यातील ओल

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय सेमिनरीच्या दिवसांत आम्ही भराभर उलटून टाकीत असू. घराच्या भिंतींवर हिरवट वा तांबूस चट्टे दिसले तर घरधन्याने याजकास कळवावे. याजकाने घर रिकामे करवून भिंती तपासाव्यात, सात दिवस घर बंद ठेवावे, आणि चट्टे पसरले असतील तर ते दगड काढवून नगराबाहेर टाकवावेत, असा विधी तेथे सांगितला आहे. याजकाला गवंड्याच्या कामात कशाला ओढले, याचे आम्हां विद्यार्थ्यांना हसू येई. पन्नाशी उलटल्यावर एका पावसाळ्यात तेच काम माझ्या वाट्यास आले, आणि घर परक्याचे नव्हते.

वसईतील आमचे वडिलोपार्जित घर आईच्या निधनानंतर आम्हां दोघा भावांच्या नावे झाले. मोठ्या बंधूंनी ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एका कुटुंबास दिले. नवरा, बायको आणि दहावीतली मुलगी. करारावर माझीही सही होती. जूनमध्ये छत पाझरू लागले तेव्हा त्या गृहस्थाने बंधूंना फोन केला. ‘पाऊस संपू दे, मग बघू,’ असे उत्तर मिळाले. जुलैत भिंतीचे पोपडे गळून पडले, लाकडी कपाटाची पाठ फुगली, मुलीच्या वह्या-पुस्तकांवर बुरशी चढली. ऑगस्टमध्ये त्यांनी घर सोडण्याचा निर्णय सांगितला आणि डिपॉझिट परत मागितले. बंधूंनी नकार दिला. ‘गच्चीवर डिश अँटेना बसवायला यांनी बोल्ट ठोकले, त्यातूनच पाणी उतरले, नुकसान यांनीच भरून द्यावे,’ हे त्यांचे म्हणणे. दोघेही माझ्याकडे आले. एकाला मी ‘दादा’ म्हणत होतो, दुसरा मला ‘फादर’ म्हणत होता.

परिचयातील एका वकिलांना विचारले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या चौदाव्या कलमान्वये घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशापलीकडे जाता कामा नये. उलटपक्षी, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरूच्या कृतीने बिघाड झाला असेल तर तो त्याने सुधारून द्यावयाचा असतो. नेहमीच्या वापराची झीज त्यात मोजीत नाहीत. ‘पण फादर,’ वकील म्हणाले, ‘ही तरतूद भाडेकरूंची. लायसन्सवर राहणाऱ्याचे पुष्कळसे करारातल्या शब्दांवर अवलंबून.’ करार काढून पाहिला. ‘जागा आहे त्या चांगल्या स्थितीत परत करावी,’ एवढेच एक वाक्य. ती स्थिती कोणती, याविषयी चकार शब्द नव्हता.

पावसाने उघडीप दिली तेव्हा मी एका जुन्या गवंड्यास घेऊन गच्चीवर गेलो. पन्हाळीची तोंडे गोणपाट कोंबून बंद केली, दोन-तीन इंच पाणी साठविले आणि दोन दिवस थांबलो. (सात दिवस थांबण्याचा धीर मोशेच्या काळच्या याजकांना असावा!) तिसऱ्या दिवशी खाली येऊन पाहिले. बोल्टांच्या खाली तळहाताएवढा ओला डाग होता, हे खरे. पण पाण्याची खरी धार उतरली होती ती वायव्येच्या कोपऱ्यात, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून. बोल्टांपासून तो कोपरा चांगला दहा फूट दूर.

तो कोपरा मी ओळखत होतो. आषाढ लागला की आई तेथे पितळी पातेले ठेवी, आणि त्यात पडणाऱ्या थेंबांच्या आवाजावर आम्ही भावंडे झोपी जात असू. घर भाड्याने देण्यापूर्वी बंधूंनी तेथे पुट्टी भरून गुलाबी रंग दिला. ‘छान दिसतंय, दादा,’ असे मीच म्हणालो होतो. वाचकहो, कबुलीजबाबाच्या कठड्यामागे बसून इतरांचे ऐकण्यात माझे आयुष्य गेले. त्या दिवशी बंधूंच्या ओटीवर बसून मी बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, ‘पातेलं माझ्याकडेच आहे.’

डिपॉझिट परत गेले. बोल्टांची भोके बुजविण्याचा खर्च त्या गृहस्थाने आपण होऊन त्यातून वजा करायला लावला. कपाटाबाबत मात्र आमची बरीच ओढाताण झाली. जुनेच होते ते, असे बंधूंचे म्हणणे. जूनमध्येच कळविले होते, असे त्यांचे. फोन आला त्या दिवसापासूनचे नुकसान आमचे, हे बंधूंना पटविण्यास दोन रविवार लागले. अखेर कपाटाची निम्मी किंमत ठरली. ती निम्मीच का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मुलीच्या वह्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. तिने त्या मैत्रिणीकडून पुन्हा उतरवून काढल्या.

दिवाळीनंतर सांधा फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग केले. पुढच्या कुटुंबाशी करार केला तेव्हा भिंतींच्या स्थितीचे एक वेगळे पान बंधूंनी स्वहस्ते लिहून त्यास जोडले. वायव्येच्या कोपऱ्यापुढे त्यांनी लिहिले आहे: ‘येथे पूर्वी गळत होते. दुरुस्त केले आहे. पहिल्या पावसात पाहून कळवावे.’