कोऱ्या कागदाला उत्तर

चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवलेलं पत्र कोरं होतं. समोरचा वयानं लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं. पण अधिकारानं मोठा, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं. मायन्यावरच अडलं आणि कागद तसाच रवाना झाला. तो पाहून मुक्ताबाईनं टोला दिला, की चौदाशे वर्षं जगूनही हा योगी कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी मात्र धाकट्या भावाला सांगितलं, याला उत्तर लिही. त्या उत्तराच्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेवपासष्टी.

चौदाशे वर्षांचं आयुष्य हा श्रद्धेचा हिशेब आहे. या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या बऱ्याचशा अठराव्या शतकातल्या महिपतींच्या हातून, भक्तीत भिजून. त्यांतलं घडलेलं किती आणि रचलेलं किती, हे निवडत बसण्यात मला रस नाही. मला धरून ठेवतं ते निवृत्तिनाथांचं सांगणं. कुणीतरी लिहायला बसला आणि अडला. त्या अडण्यालाही उत्तर देता येतं, तेही कवितेतून, असं या थोरल्या भावाला वाटलं. ज्ञानदेवांनी मग जे लिहिलं त्यात पाठवणाऱ्याची परीक्षा नाही. भेटणारा आणि ज्याला भेटायचं तो, यांच्यात दुजेपण उरतंच कुठं, असं ते ओवीमागून ओवी समजावत राहतात. मायन्यात लहान-मोठेपणाचा जो पेच पडला होता तो असा मुळापासून सुटतो.

मी कविता लिहिते. आम्ही काही जण एकमेकांना आपापल्या कविता पाठवतो. कविता गेली की थोड्या वेळानं फोन उजळतो: ‘वा’, ‘सुंदर’, ‘शेवट फार आवडला’, जोडलेले हात. या शब्दांमागचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ‘सुंदर’ म्हटलं की पुढं बोलायला काही उरत नाही. एकदा माझ्या कवितेत एक आटलेली विहीर होती. एका मैत्रिणीनं तिच्यावर काहीच कळवलं नाही. बऱ्याच दिवसांनी तिची कविता आली, आणि तिच्यात त्याच विहिरीत दोर बांधून गाळ काढायला उतरलेला माणूस होता. माझी कविता काठावरून बोलत होती, तिची तळातून. आजवर मला मिळालेली सगळ्यांत मोठी दाद तीच, आणि तिच्यात माझ्या कवितेचं नावसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून संतांचे गाथे मी वेगळ्या कानानं वाचू लागले. तेराव्या-चौदाव्या शतकात पंढरपूरच्या आसपास जमलेली ही माणसं भक्त होती हे लहानपणापासून ऐकलेलं. ती एकमेकांची श्रोती असलेली कवीही होती, याकडे आपलं लक्ष कमी जातं. नामदेव शिंपी, गोरोबा तेरचे कुंभार, सावतोबा अरणचे माळी, नरहरी सोनार, चोखोबा मंगळवेढ्याचे महार, जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. एरवी एका पंगतीला बसू न शकणारी ही माणसं एकाच छंदात लिहीत होती. ओवी-अभंग जात्यावर, मोटेवर, चाकावर म्हणता येतो. संस्कृत वृत्तं शिकायला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं. अभंगाला फक्त कान लागत होता. म्हणून एकाचं दुसऱ्याला लगेच उचलता आलं.

या मंडळात बोलणं नेहमी गोड होतं असं नाही. गोरोबांनी थापटणं हातात घेऊन जमलेल्यांची डोकी एकेक करून पारखली, ही कथा घ्या. सगळे गप्प बसले. नामदेव चिडले, आणि गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं. नामदेव तेव्हा विठ्ठलाचे लाडके म्हणून नावाजलेले होते. अपमान त्यांना लागला, पण ते उठून गेले ते औंढ्या नागनाथाला, विसोबा खेचरांकडे, शिकायला. समकालीन माणसाकडून ‘अजून कच्चं आहे’ हे ऐकून घ्यायला मोठी छाती लागते. आणि ते म्हणायला, म्हणून पुन्हा त्याच माणसासोबत टाळ घेऊन उभं राहायला, त्याहून मोठी.

मुक्ताबाईचे ताटीचे अभंग तर मला या सगळ्यांत वरचे वाटतात. लोकांच्या वागण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना समजावते. समजावताना ती त्यांना त्यांच्याच शिकवणुकीची आठवण देते: विश्व रागावलं तर संतानं पाणी व्हावं. आत बसलेला माणूस भावार्थदीपिकेचा कर्ता आणि बाहेर कोवळ्या वयाची पोर, पण इथं मोठेपण तिच्याकडे आहे. तिनं भावाचं लिहिणं इतकं आत घेतलं होतं, की त्याला गरज पडली तेव्हा त्याचीच वाणी तिला त्याच्याकडे परत नेता आली. आपली ओळ दुसऱ्यानं आपल्यापेक्षा बरी जपली, हे ज्ञानदेवांना ताटीआडून ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार करताना माझा आजही गळा दाटतो.

आणि हे सगळं लिहून कोण घेत होतं? जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कुणाचा लेखक कोण याची चक्क नोंद आहे. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये नेवाशाला सांगितली गेली तेव्हा सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, हे आपण जाणतो. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवानं उतरवले. चोखोबांचे अनंतभट्टानं. आणि जनाबाईचे? तिच्यासाठी स्वतः पांडुरंग लेखणी घेऊन बसला, अशी श्रद्धा आहे. दळणकांडण करणाऱ्या बाईच्या ओळी कागदावर याव्यात यासाठी देवाला लेखनिक व्हावं लागलं, या कल्पनेत त्या काळातल्या बाईचं एकटेपण किती आहे! अनंतभट्टाचा विचारही मनातून जात नाही. चोखोबांच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या काळात एक ब्राह्मण त्यांच्यासमोर बसून त्यांचे शब्द टिपत होता. त्याच्याबद्दल आपल्याला नावापलीकडे फारसं काही मिळत नाही. उत्तर देण्याआधी नीट ऐकावं लागतं, आणि ऐकलेलं दुसऱ्याच्या नावावर जसंच्या तसं ठेवावं लागतं. ते अनंतभट्टानं केलं.

ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली. नामदेवांचे समाधीचे अभंग हे त्या घटनेला एका कवी-मित्रानं दिलेलं उत्तर आहे. आदि, तीर्थावळी आणि समाधी ही नामदेवांच्या गाथ्यातली तीन प्रकरणं. यांतले सगळे अभंग याच नामदेवांचे, की पुढं त्याच मुद्रेनं लिहिणाऱ्या कुणाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद व्हायलाच हवा. पण ज्ञानदेवादी चार भावंडांची जी चरित्रं मराठी मनात आहेत, त्यांचा पाया नामदेवांच्या गाथ्यात आहे. ज्यानं गीतेवर एवढी टीका लिहिली त्यानं स्वतःविषयी जवळजवळ काही सांगितलं नाही. ते मित्रानं सांगितलं. नंतर नामदेव उत्तरेत गेले, पंजाबातल्या घुमानला राहिले, आणि त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. 2015 मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं ते या नात्यामुळेच.

हा संवाद त्यांच्या पिढीबरोबर संपला असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. तीनेकशे वर्षांनी देहूच्या तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि आपली उरलेली अभंगसंख्या पुरी करायला सांगून गेले. स्वतः तुकोबांनीच हे अभंगात सांगितलं आहे. कवी होण्याचं कारण म्हणून त्यांनी एका जुन्या कवीचं राहिलेलं काम पुढं ठेवलं. मग तुकोबांना ऐकणारे आले. चाकणचे संताजी जगनाडे तेली त्यांचे अभंग लिहून ठेवू लागले. ज्यांच्या विरोधामुळं वह्या इंद्रायणीत गेल्या ते रामेश्वरभट्ट पुढं शिष्य झाले, आणि तुकोबांची जी आरती आज घरोघर म्हणतात ती त्यांचीच. विरोधकानं आपला शब्द मागं घेतला तो आरती लिहून! तुकोबा 1650 मध्ये गेले. धाकटे बंधू कान्होबा थेट विठ्ठलाशी भांडले, भाऊ परत दे म्हणून, अभंगांतूनच.

बहिणाबाईची गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी. 1628 मध्ये वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली ही ब्राह्मणाची मुलगी लहान वयात घरादारासह फिरत कोल्हापूरला आली. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनात तिनं तुकोबांचे अभंग ऐकले. कवी पाहिला नव्हता, फक्त शब्द कानावर पडले होते, आणि त्या शब्दांनी तिला वेड लावलं. शूद्राची वाणी ऐकते म्हणून नवऱ्यानं तिला मारझोड केली. तुकोबांनी तिला स्वप्नात उपदेश दिला, आणि पुढं ती देहूला जाऊन त्यांना भेटली. हे सारं तिनं आत्मनिवेदनपर अभंगांत लिहून ठेवलं, माराचंही. एका कवितेनं एका घरात काय केलं, याचा इतका प्रामाणिक जबाब मी दुसऱ्या कुठल्या वाचकाकडून वाचलेला नाही.

आणि हे आजही चालू आहे. पुस्तकांपेक्षा मला ते गावच्या सप्ताहात जास्त कळलं. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो. एकेक चरण फोडतो, आणि आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दुसऱ्या संतांची प्रमाणं देत जातो. तुकोबांच्या चरणाला ज्ञानोबांची ओवी, तिला नामदेवांचा अभंग, मध्येच एकनाथ, शेवटाकडे निळोबा. कीर्तनकारानं प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारले की मागं उभे टाळकरी उरलेली ओळ उचलतात. तेराव्या शतकातला माणूस काही बोलतो आणि सतराव्या शतकातला त्याला लगेच ‘हो’ म्हणतो. मधली शतकं त्या दोन तासांत नाहीशी होतात. निळोबांनी तुकोबांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांना गुरू मानून लिहिलं. मांडवात दोघं शेजारी शेजारी उभे असतात. टाळ धरणाऱ्यांत दिवसभर उसाला पाणी देऊन आलेला माणूस असतो आणि बँकेतला कारकूनही. त्यांच्या तोंडी असलेल्या शेकडो ओळी पाहिल्या की मला आमच्या कविसंमेलनांची खंत वाटते. तिथं प्रत्येक जण आपलं वाचतो. आधी वाचून गेलेल्याची एक ओळ तरी उचलून कुणी आपल्या कवितेला भिडवली, असं मी फार क्वचित पाहिलं आहे. आम्हाला एकमेकांच्या ओळी पाठ असायला हव्यात. निदान चार.

या वर्तुळाचा अभिमान मला आहे, म्हणूनच त्याची हद्दही सांगितली पाहिजे. चोखोबांचं घर हे पूर्ण कवींचं घर होतं: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सोयराबाई आपल्या अभंगांत विटाळाचाच जाब विचारते: देह म्हटला की विटाळ आलाच, मग सोवळा कोण? कर्ममेळा बापापेक्षा कडक. बाप विनवतो तिथं मुलगा देवाला ठणकावतो, की आम्हाला असा जन्म देऊन तू काय मिळवलंस? नामदेवांनी चोखोबांना जवळ केलं, आणि संतांच्या मेळ्यात त्यांच्या अभंगाला मान होता. पण मेळा उठला की चोखोबा महाद्वाराबाहेर. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून, आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. मित्राच्या हाडांतही त्याचा आवाज ओळखणारा कान, यापुढं दाद जाऊ शकत नाही. तरीही ती समाधी दाराबाहेर आहे. कवींनी कवीला ऐकलं, त्यांच्यापाशी दाराची किल्ली नव्हती. ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, आणि साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं.

माझी तक्रार मात्र त्या काळापेक्षा आजच्यावर जास्त आहे. मी ऐकलेल्या कीर्तनांत चोखोबांचं प्रमाण येतं, तेही ठरावीक एक-दोन अभंगांचं. सोयराबाईचं क्वचित. कर्ममेळ्याचं तर मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. त्याचे अभंग छापलेले आहेत, गाथेत मिळतात, म्हणायलाही अवघड नाहीत. त्याच्या प्रश्नाला साडेसहाशे वर्षांत मांडवातून उत्तर गेलेलं नाही. यंदाच्या सप्ताहात आमच्या गावच्या कीर्तनकार महाराजांना मी भेटणार आहे. निरूपणाला कर्ममेळ्याचा अभंग घ्या असं सांगणार आहे, आणि टाळकऱ्यांसाठी त्याच्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहून नेणार आहे, म्हणजे त्यांना त्या उचलता येतील.