वात की वाट?

माझ्याजवळ एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. १९९३ साली पुण्यात गुरुविद्यालयात शिकत असताना मी ती लिहिली. तेथील ग्रंथालयात एक जाडजूड ग्रंथ होता. तो बाहेर नेण्याची परवानगी नव्हती. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत मी तेथे जाऊन बसे आणि त्यातील ओव्या उतरवून घेई. असे वर्षभर चालले. तीनशेच्या आसपास ओव्या जमल्या.

तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, सासष्टीत राहिले, मराठीच्या प्रेमात पडले आणि १६१९ साली गोव्याच्याच मातीत विसावले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून जी आवृत्ती काढली, तीच मी उतरवीत होतो.

वाचकांना नवल वाटेल, पण ही मराठी ओवी रोमन लिपीत आहे. त्या काळी गोव्याच्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. रोमन लिपीत 'त' आणि 'ट', 'न' आणि 'ण' वेगळे कसे दाखवावेत? त्यासाठी अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती वापरलेली आहे. 'पुराण' या शब्दातला 'ण' दोन 'एन' काढून लिहिलेला दिसतो. मी वाचीत वाचीत ओव्या देवनागरीत उतरवीत असे. एखादे दुहेरी अक्षर नजरेतून निसटले, तर शब्दच पालटून जाई. हे मला ठाऊक होते. तरीही वय तरुण होते आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास दांडगा होता.

पुढे याच विषयावर संशोधन करावे, अशी माझी तीव्र इच्छा होती. या पुराणाची देवनागरी प्रत लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात असल्याचे जस्टिन अॅबट यांनी १९२३ साली एका लेखात जाहीर केले होते. त्या लेखाचा उल्लेख मी एका तळटीपेत वाचला होता. लेख मात्र पाहावयास मिळाला नाही, मग हस्तलिखिताची गोष्ट दूरच. गुरुदीक्षेनंतर मला खेड्यातील मिशनकेंद्रावर पाठवण्यात आले. विहीर, वसतिगृह, शाळेचे पत्रे, आजारी माणसे यांत दिवस गेले. संशोधन मागे राहिले. वही मात्र प्रत्येक बदलीच्या वेळी माझ्याबरोबर फिरत राहिली.

तिच्यातील एक ओवी मला विशेष प्रिय होती. तिच्यात 'वात' हा शब्द होता. पणतीतली वात स्वतः जळते, तेल शोषून घेते आणि दुसऱ्यांना उजेड देते. या एका शब्दावर मी पंचवीसेक वर्षे प्रवचने केली. पुनरुत्थान जागरणाच्या रात्री मेणबत्त्या पेटल्या की ती ओवी माझ्या ओठांवर आपोआप येत असे. भाविकांचे डोळे पाणावत. खोटे कशाला बोलू, मलाही धन्यता वाटे.

आता मी चाकणला आहे. ज्यांनी हे गाव पूर्वी कांद्याच्या बाजारपेठेमुळे ओळखले, त्यांना ते आज ओळखू येणार नाही. तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगा लागतात. पहिली पाळी सुटते तेव्हा रस्ता माणसांनी भरून जातो. आमच्या धर्मग्रामात वसईचे आहेत, नगर-जालन्याकडचे आहेत, केरळचे आहेत, झारखंडचे आहेत. बहुतेक जण भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुस्तकाचे कपाट ठेवावयास त्या खोल्यांत जागा नसते. मोबाइल मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो.

अशाच एका खोलीतील मुलगी गेल्या वर्षी पवित्र मिस्सा संपल्यावर मला भेटली. तिचे वडील जालना जिल्ह्यातून आलेले, एका कारखान्यात कंत्राटी कामगार. ती एम.ए.ला मराठी घेऊन शिकत होती. प्रकल्पासाठी तिने ख्रिस्तपुराणाची भाषा हा विषय निवडला होता आणि आता तो सोडून देण्याच्या विचारात होती. "फादर, कॉलेजात पुस्तक नाही. पुण्याला ग्रंथालयात जायचं तर अख्खा दिवस जातो आणि मी ज्या दुकानात काम करते तिथला पगार कापतात," असे ती खाली मान घालून म्हणाली. मला माझा तो तळटीपेतला लेख आठवला. मी आत जाऊन वही आणली आणि तिच्या हाती दिली. म्हटले, "बाळ, ही घे. माझ्या तरुणपणाची मेहनत आहे."

दर शनिवारी सायंकाळी आम्ही सभागृहात बसू लागलो. धर्मग्रामाच्या कार्यालयातील जुना संगणक आणि तिचा मोबाइल, एवढीच सामग्री. संगणकावरील ग्रंथालये कशी धुंडाळावीत, हे मला तिने शिकवले. जुने ग्रंथ कोणत्या नावांनी ओळखले जातात, हे तिला मी सांगितले. दोघांचीही एकमेकांवाचून अडत होती.

पहिल्या दिवशी काहीच मिळेना. देवनागरीत 'ख्रिस्तपुराण' असे लिहून शोधले, की त्या पुराणाविषयीचे लेख येत; मूळ ग्रंथ येत नसे. मग मला सुचले, की या धर्मगुरूंचे नाव इंग्रज स्टीफन्स लिहितात, कोणी स्टीव्हन्स लिहितात आणि पोर्तुगीज कागदपत्रांत ते एस्तेव्हांव होते. 'पुराण' शब्दाचीही रोमन अक्षरे दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतात. एकेक रूप घालून पाहता पाहता इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर १९०७ ची मंगळूर आवृत्ती पानापानांच्या छायाचित्रांसह समोर उभी राहिली. ज्या ग्रंथाला हात लावण्यापूर्वी मला नोंदवहीत सही करावी लागे, तो एका कामगाराच्या मुलीच्या तळहातावर उघडला होता. मी काही क्षण बोलू शकलो नाही.

यातून एक धडा मिळाला, तो पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. संगणकावरील ग्रंथालय हे शहाण्या ग्रंथपालासारखे नसते. आपण जी अक्षरे घालतो, तीच ते शोधते. भारतीय ग्रंथालयांतून छायाचित्रित झालेली हजारो जुनी मराठी पुस्तके तेथे आहेत, पण त्यांची नावे कोणी घाईघाईने रोमन अक्षरांत नोंदवलेली आहेत. एका रूपाने पुस्तक मिळाले नाही म्हणजे ते नाही, असे समजू नये. नाव बदलून, लेखक बदलून, वर्ष घालून पुन्हा शोधावे.

पुढच्या शनिवारी आम्ही 'शोधगंगा' पाहिली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. तेथे शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सर्वांसाठी साहित्य आहे. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, असे सारे एका ठिकाणी शोधता येतील अशी व्यवस्था केलेली आहे. आणि अॅबट यांचा तो १९२३ चा लेख? तोही मिळाला. पाचच पानांचा. तीस वर्षे ज्याच्यासाठी हळहळलो, तो मी चहाचा पेला हाती धरून वाचला.

असेच दोन महिने गेले. एका शनिवारी ती आली आणि वही उघडून गप्पच बसून राहिली. मग म्हणाली, "फादर, रागावणार नसाल तर एक सांगू? ही ओवी मी पुस्तकातल्या पानाशी ताडून पाहिली. तिथे 'टी' दोनदा आहे. म्हणजे ते 'वात' नाही, 'वाट' आहे."

मी पान मोठे करून पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दोन 'टी' स्पष्ट होते. पुढल्या-मागल्या ओव्या वाचल्या, तेव्हा संदर्भही मार्गाचाच होता. दिव्याचा तेथे मागमूस नव्हता. पंचवीस वर्षे मी जी वात भाविकांपुढे तेवत ठेवली होती, ती फादर स्टीफन्स यांनी लावलेलीच नव्हती.

येथे माझे एक पाप कबूल केले पाहिजे. फादर कारिदाद द्रागो यांनी संपादित केलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती १९९६ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली होती. ती माझ्या कपाटात होती. एका मिनिटात ताडून पाहता आले असते. परंतु जे पाठ आहे, ज्याने टाळी मिळते, ते कोण ताडून पाहतो? चूक तारुण्यातली होती. ती न तपासण्याचा आळस मात्र पुढच्या सगळ्या वर्षांचा होता.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर मी मनातल्या मनात लाजून गप्प राहिलो असतो. परंतु आमच्या धर्मग्रामातील एका मावशींचे यजमान काही महिन्यांपूर्वी देवाघरी गेले होते. माझ्या अंत्यविधीच्या प्रवचनातली ती ओवी त्यांना इतकी भावली, की त्यांनी ती स्मृतिकार्डावर छापून घेतली होती. आणि आता ती कबरीच्या दगडावर कोरून घेण्यासाठी त्यांनी कारागिराला विसार दिला होता. कागद फाटतो, दगड राहतो. त्याच सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पायऱ्या चढताना पाय जड झाले होते. मी सारे सांगितले. त्या बराच वेळ नवऱ्याच्या तसबिरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, कार्डं वाटून झाली, ती काय परत येत नाहीत. पण दगडाला अजून छिन्नी लागली नाही. तुम्ही बरोबर लिहून द्या, मी उद्याच कारागिराला फोन करते." मी तेथेच बसून ओवी पुन्हा लिहून दिली, या वेळी ग्रंथातील पान पाहून, अक्षर अन् अक्षर ताडून. त्या मुलीनेही एकदा वाचून पाहिली.

रविवारी वेदीसमोर उभा राहून मी माझी चूक सांगितली आणि ती कोणी दाखवली, हेही सांगितले. मुलगी लाजली, तिचे वडील मात्र शेवटच्या बाकावरून ताठ उभे राहिले.

तेव्हापासून शनिवारच्या बैठकीला नववी-दहावीची मुलेही येऊ लागली. आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग आणि १६६० साली तो शायिस्ताखानाविरुद्ध लढवणारे फिरंगोजी नरसाळा यांच्यापासून आम्ही प्रारंभ केला. एका मुलाने विचारले, "फादर, फिरंगोजी म्हणजे फिरंगी होते का?" मी उत्तर न देता त्याला मोल्सवर्थचा कोश उघडावयास लावले. 'फिरंग' म्हणजे एक प्रकारची तलवार, हे त्याने स्वतः शोधून वाचले आणि वर्गात एकच गलका झाला. मग मी विचारले, "म्हणजे तलवारीवरूनच त्यांचे नाव ठेवले, हे सिद्ध झाले का?" मुले विचारात पडली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "नाही फादर, कोशाने फक्त शब्दाचा अर्थ सांगितला. नाव का ठेवलं, ते कुठल्या तरी कागदात लिहिलेलं सापडलं पाहिजे." त्या दिवशी मला वाटले, की शिकवण्याचे सार्थक झाले.

दुसरा एक मुलगा किल्ल्याविषयी यंत्राकडून लिहून घेतलेले सुबक टिपण घेऊन आला. अलीकडे प्रश्न विचारला की मोबाइल स्वतःच उत्तर रचून देतो. त्या टिपणाखाली एका ग्रंथाचे नाव आधार म्हणून दिले होते. आम्ही तो ग्रंथ एकामागून एक तीन ग्रंथालयांत शोधला. तो कोठेच नव्हता. मुलाला मी रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? त्याने यंत्रावर विश्वास ठेवला; मी माझ्या वहीवर ठेवला होता. न पाहता विसंबण्याची चूक दोघांचीही सारखीच.

म्हणून सभागृहाच्या फळ्यावर आम्ही तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पुस्तकाचे नाव, वर्ष व पान वहीत नोंदवल्याशिवाय एकही वाक्य उतरवू नये. कोणी सांगितलेले सार वाचण्याआधी मूळ पान डोळ्यांनी पाहावे. आणि शिकवणाऱ्याचे म्हणणेही ताडून पाहावे, मग तो शिक्षक असो वा धर्मगुरू. तिसरी ओळ मुलांनी लिहिली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी ती पुसली नाही.

पूर्वी पुस्तक आमच्यापाशी असे, म्हणून आमचा शब्द अंतिम ठरे. आता पान सर्वांपुढे उघडे आहे. आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलमुळे ती बिघडतील, अशी चिंता अनेक आईबाप माझ्यापाशी व्यक्त करतात. ती चिंता खोटी नाही. परंतु एका शनिवारी त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना एखादे जुने पान शोधून दाखवावयास सांगा. ते पान तुमचीही एखादी चूक दाखवील, त्याला मात्र भिऊ नका.

त्या मुलीचा प्रकल्प पूर्ण झाला. तिने माझी वही परत आणून दिली. त्या ओवीपाशी तिने शिसपेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक लिहिला आहे. मी लिहिलेला शब्द तिने खोडलेला नाही. तो मी स्वतःच्या हाताने खोडला आणि वर 'वाट' असे लिहिले.