एक स्क्रू इंचाचा, एक मिलिमीटरचा

वडिलांच्या शेडमधलं जुनं लेथ सीएनसी करायला घेतलं, त्यात थोडी हौस होती आणि बरीचशी गरज. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी लेथ मशीनं गल्लोगल्ली आहेत. बेड दणकट असतो, हेडस्टॉक अजून पंचवीस वर्षं चालेल असा असतो, फक्त हाताने चालवणारा माणूस मिळत नाही. तयार कंट्रोलर घ्यायचा तर तो लेथहून महाग. म्हणून लिनक्ससीएनसी घेतलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या कामातून निघालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याची बहुतेक सेटिंग्ज आयएनआय नावाच्या एका साध्या फाइलीत उघडी मांडलेली असतात.

सेटिंग करून देणारा विझार्ड सुरू केला की सुरुवातीलाच विचारतो, मशीनचं युनिट काय, इंच की मिलिमीटर? बहुतेक जण मिमीवर टिचकी मारून पुढे जातात. आम्ही तिथेच अडलो, कारण आमच्याकडे दोन्ही होतं. कॅरेजला, म्हणजे झेड अक्षाला, पाच मिमी लीडचा नवा बॉलस्क्रू बसला होता. क्रॉस स्लाइडचा, म्हणजे एक्स अक्षाचा, अ‍ॅक्मे स्क्रू मात्र मूळचाच, इंचात दहा आट्यांचा.

वडिलांच्या वेळेपासूनचे टर्नर तात्या खुर्ची ओढून शेजारी बसले होते. त्यांचा निकाल तयार होता. "इंचच ठेव. हँडलाच्या डायलवर शंभर रेघा हायत, एक रेघ म्हंजे एक थाऊ. या मशीनला दुसरं काय ठावं न्हाई." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

वायरिंग करणाऱ्या मित्राचं गणित वेगळं. मोटरच्या एका फेऱ्याला आम्ही दोन हजार पल्स ठेवल्या होत्या. झेडला दोन हजार भागिले पाच, म्हणजे मिमीला ४०० पल्स, सरळ हिशेब. एक्सला स्क्रूची एक फेरी म्हणजे २.५४ मिमी, म्हणजे मिमीला ७८७.४०१५७४८ पल्स. हा आकडा बघून तो म्हणाला, "अडीच मिमी धर ना, आठशे टाकून मोकळा हो."

हे 'अडीच धरणं' जुन्या लेथवर फार फसवं असतं. एक मिमी हलवून बघितलं तर फरक सोळा मायक्रॉनचा, साध्या डायल गेजवर जेमतेम दीड रेघ. तेवढा स्क्रूच्या ढिलाईतच मुरून जातो. पण वीस मिमी हलवलं की स्लाइड २०.३२ जाते. व्यासात तेच ०.६४ होतं. म्हणून मॅग्नेट बेस बेडवर चिकटवून, गेजची पिन टूलपोस्टला लावून, लांब अंतर एकाच दिशेने मोजायचं. ढिलाई बाजूला पडते आणि स्केल, म्हणजे मिमीला किती पल्स हा आकडा, खरा की खोटा ते कळतं. मित्राचे आठशे आम्ही मुद्दाम टाकून पाहिले. गेजने काय ते सांगितलं आणि ७८७.४०१५७४८ कायम झालं. आकडा दिसायला ओबडधोबड आहे एवढंच. सॉफ्टवेअरला त्याचं काही वाटत नाही, ते गुणाकार करून मोकळं होतं.

इंच निवडलं असतं तर तोच आकडा इंचाला वीस हजार असा गोंडस झाला असता आणि झेडचा १०,१६० झाला असता. एका इंचात बरोबर २५.४ मिमी ही व्याख्या १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून पक्की आहे, त्यामुळे इकडून तिकडे जाताना काही सांडत नाही. तेव्हा स्क्रू कुठल्या मापाचा यावरून युनिट ठरवायची गरजच नव्हती. त्या फाइलीत बाकी काय काय त्या युनिटमध्ये वाचलं जातं, ते बघायचं होतं. जास्तीत जास्त वेग सेकंदाला किती युनिट, त्वरण किती, प्रवासाची हद्द कुठे, स्क्रूची ढिलाई किती, सगळं त्याच मापात. टूल टेबलातले ऑफसेटही मशीनच्याच युनिटमध्ये. फाइलीत वेग नुसता २५ असतो, पुढे मिमी किंवा इंच असं काही लिहिलेलं नसतं. सेकंदाला २५ मिमी म्हणजे मिनिटाला दीड मीटर, आमच्या लेथला झेपेल एवढा. मागाहून युनिटची ओळ आणि स्केल इंचावर नेलं, पण वेग बदलायचा राहिला, तर तोच २५ मिनिटाला ३८ मीटर होतो. मोटर तेवढं धावणार नाहीच; ती जागेवर कण्हत राहील आणि सॉफ्टवेअर समजेल की टूल पोचलं.

मी मिमी ठरवलं. आमचे मायक्रोमीटर मिमीचे, बोअर गेज मिमीचे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडून येणारी ड्रॉइंगंही मिमीची. पुढे एक्सलाही पाच मिमीचा बॉलस्क्रू बसवला तेव्हा या निर्णयाचा फायदा दिसला. स्केल ४०० केलं, ढिलाईचा आकडा बदलला, होम पुन्हा लावून घेतलं. बाकी फाइल जशीच्या तशी.

एक्सच्या बाबतीत अजून एक गुंता असतो. डायलची एक रेघ फिरवली की टूल एक थाऊ आत जातं आणि जॉब दोन थाऊने बारीक होतो, हे तात्यांच्या हाताला पाठ आहे. सॉफ्टवेअरला ते जी ७ आणि जी ८ ने सांगतात: सात म्हणजे एक्सचे आकडे व्यासाचे, आठ म्हणजे त्रिज्येचे. पडद्यावर व्यास दिसावा म्हणून काही जण स्केलच अर्धं करतात. सरळ टर्निंगला ते चालून जातं, पण पहिला गोल कोपरा घ्यायला गेलं की गोलाईचा आकार बिघडतो.

युनिट प्रोग्राममध्येही सांगता येतं. जी २० इंच, जी २१ मिमी. मशीन मिमीचं असलं तरी प्रोग्राम इंचात चालतो, सॉफ्टवेअर आपलं आपण बदलून घेतं. मात्र प्रोग्राम एम ३० ने संपला तरी जी २० सुटत नाही, तसंच लागू राहतं. फॅनुकच्या कंट्रोलरला तर मशीन बंद करून परत चालू केलं तरी आधीचं युनिट आठवतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत जी २१ असतंच. पेनड्राइव्हवर बाहेरून आलेल्या प्रोग्राममध्ये ती ओळ नसेल तर ती घातल्याशिवाय चक फिरत नाही. याबाबतीत मी खडूस आहे.

इंच एवढ्याने शेडमधून जात नाही. शेतातल्या पंपाची फिटिंग्ज आली की बीएसपी आटे आलेच. अर्धा इंची निपलचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी भरतो, म्हणजे त्यात अर्धा इंच कुठेच सापडत नाही. आटे मात्र इंचात चौदा. त्याचा पिच मिमीत काढला तर १.८१४२८ असा लांबत जातो. लिनक्ससीएनसीत आटे पाडायच्या जी ७६ ला पिच आकड्यातच द्यावा लागतो असं नाही. पी पुढे चौकटी कंसात २५.४ भागिले १४ असं गणितच लिहिता येतं. मला ही सोय फार आवडते. सहा महिन्यांनी कुणीही प्रोग्राम उघडला तरी चौदा आटे दिसतात, दशांशांची शेपटी उलगडत बसावी लागत नाही. पहिल्या निपलवर तात्यांनी खिशातला पिच गेज लावला, उजेडाकडे धरला आणि नुसती मान हलवली.

आता लेथ तेच चालवतात. पडद्यावरचे आकडे इंचात दाखवायची सोय मेनूत आहे. त्याने मशीनचं युनिट बदलत नाही की प्रोग्रामचं. मी सकाळी पडदा मिमीवर आणतो, दुपारी जेवून येतो तोवर तो इंचावर गेलेला असतो. जॉगच्या टप्प्यांची यादी आयएनआय फाइलीत लिहिता येते आणि तिथे मात्र प्रत्येक आकड्यापुढे युनिट देता येतं. तिथे एक मिमी, ०.१ मिमी, ०.०१ मिमी असे टप्पे मी आधीच दिले होते. त्याखाली तात्यांसाठी एक थाऊचा टप्पाही घातलाय.