‘व्यस्त’ शब्दाचा धडा

शाळा सुटल्यावर गृहपाठातील शंका घेऊन मुले माझ्याभोवती जमतात. मी कलाशाखेचा पदवीधर. व्याकरण वा इतिहास असला की माझी वाणी मोकळी होते, गणित आले की मात्र मी घड्याळाकडे पाहू लागतो!

एके दिवशी आठवीतील एका मुलीने उदाहरण पुढे केले. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर १५ मजुरांना किती दिवस लागतील? तिचे उत्तर होते २५. चूक दिसत होती, पण समजावणे जमेना. “उद्या ये,” असे सांगून मी वेळ मारून नेली. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. माझा खोटा मोठेपणा मला टोचू लागला.

शेवटी मीच तिला बोलावले. “बाळ, मलाही हे नीट येत नाही, दोघे मिळून पाहू.” धड्याचे नाव होते ‘व्यस्त प्रमाण’.

“सर, व्यस्त म्हणजे कामात गढलेला ना?”

अडले होते ते शब्दापाशी! घरी आम्ही दोघेही कोंकणी बोलणारी. मी म्हटले, “व्यस्त म्हळ्यार उरफाटें गो!” तिचा चेहरा उजळला. माणसे वाढली की दिवस घटणार. ६ गुणिले १० म्हणजे ६०, त्यास १५ ने भागले की ४ दिवस!

पुढे विज्ञानात बॉइलचा नियम आला. तापमान कायम असता दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, हे वाचून तीच म्हणाली, “सर, हेंय उरफाटें!”

विद्यार्थिमित्रांनो, शंका मनात ठेवू नका. आणि गुरुजी “उद्या ये” म्हणाले, तर उद्या अवश्य या!