क्षमेचा फॉरवर्ड

आमचा कंपू म्हणजे एकेकाळचा शिंद्यांच्या फौजेचा तळ. फौज गेली, पण ग्वाल्हेरातल्या आम्हां मराठी घरांची ये-जा टिकून राहिली.

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी. आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य प्रतिपदा, इथल्या हिंदी पंचांगात आश्विन कृष्ण प्रतिपदा. लहानपणी त्या दिवशी बाबांचं बोट धरून मी घरोघर जायची. ज्याच्याशी अबोला, त्याचं दार आधी! 'उत्तम क्षमा' म्हणताना मोठ्या माणसांचे गळे दाटून यायचे.

यंदा मुलाने सकाळी सातलाच काम उरकलं. हात जोडलेलं एक चित्र व्हॉट्सॲपवर सगळ्यांना. त्यांत चुलतभाऊही आला. दोन वर्षांपूर्वी घरच्या ग्रुपवर एका शेऱ्यावरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्याचाही तसाच फॉरवर्ड आला. दोघांनी एकमेकांना अंगठा दाखवला, झालं! घरं मात्र तीन गल्ल्यांच्या अंतरावर.

मी रागावले, तर तो शांतपणे म्हणाला, "आई, तू तरी काकूकडे कुठे गेलीस?"

खरंच की. जाऊबाईंना मीही फुलांचं चित्रच पाठवलं होतं.

मैत्रिणींनो, परगावच्या लेकरांसाठी फोन हे वरदानच आहे. पण चालत जाता येतं तिथेही आपण बोटच पाठवतो, आणि मुलं ते बघून शिकतात.

संध्याकाळी निघाले. दार जाऊबाईंनीच उघडलं. पाठ असलेलं वाक्य तोंडातून निघेना. नुसतेच हात जोडले. "अगं, आत तर ये," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागे पायरीवर मुलाच्या चपला वाजल्या.