बीटा, जरा जपून!

काही मंडळींना सिनेमा फर्स्ट डे फर्स्ट शोच लागतो, तशी काहींना ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा रिलीजच्या आधीच हवी असते. माझा मावसभाऊ त्यातलाच. हिंजवडीत नोकरी, पिंपळे गुरवला माझ्याच मजल्यावर फ्लॅट आणि नवीन बीटा आलं रे आलं की स्वारी दारात हजर. "ताई, टाकू का तुझ्या लॅपटॉपवर? जाम सही दिसतंय!" मी दरवेळी चहा पाजते, पण लॅपटॉपला हात लावू देत नाही. फ्रीलान्सर बाईचं ऑफिस, कपाट, तिजोरी, सगळं त्या एका डबड्यात असतं. त्याचं म्हणणं, "फार तर काय होईल? फॉरमॅट मारू!"

आपल्या सगळ्यांचा समज हाच. सॉफ्टवेअर बिघडलं तर पुन्हा टाकायचं, हार्डवेअरला थोडाच धक्का लागतो? पण २००८ साली लागला होता.

त्या सप्टेंबरात लिनक्सचं २.६.२७ हे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तयार होत होतं. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे यांच्या चाचणी आवृत्त्यांमधून ते हौशी लोकांच्या मशीनवर पोचलं आणि काहींचं इंटेलचं नेटवर्क कार्ड एकाएकी बंद पडलं. फॉरमॅट मारून उपयोग शून्य! कारण कार्डाची ओळख आणि सेटिंग्ज त्याच्याच एका चिपमध्ये असतात आणि बिघडली होती नेमकी तीच माहिती. हार्डडिस्क कितीही धुतली तरी ती परत कशी येणार?

आधी सगळ्यांचा संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर. उबुंटूने तर तो काही काळ बंदच ठेवला. ऑक्टोबरात खरा चोर सापडला, तो भलताच निघाला. एफट्रेस नावाचं, कर्नलच्या आत काय चाललंय ते टिपणारं नवं साधन! ते मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवर जाऊन कोडमध्ये बदल करायचं. पण त्यातले काही पत्ते दरम्यान रिकामे होऊन नेटवर्क कार्डाच्या चिपला मिळाले होते. आपल्या भाड्याच्या फ्लॅटसारखंच झालं. जुना भाडेकरू कधीच गेला, रंगारी मात्र जुनी यादी घेऊन आला आणि नव्या भाडेकरूच्या भिंती रंगवून गेला. त्या चिपला लिहिण्यापासून संरक्षण त्याआधीच दिलं गेलं होतं आणि मग २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा भाग बंद केला गेला. उबुंटू ८.१० महिनाअखेरीस बाहेर पडलं, तोवर धोका टळला होता.

म्हणजे मूठभर लोकांची कार्डं गेली आणि बाकीच्यांची वाचली. उलट उदाहरण २०१७चं. उबुंटू १७.१० ऑक्टोबरात रीतसर रिलीज झालं आणि लेनोव्होच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये बदल सेव्ह होईनात. काहींना यूएसबीवरून बूटही करता येईना. शेवटी डिसेंबरात डाउनलोड थांबवावं लागलं आणि सुधारित प्रत जानेवारी २०१८ मध्ये आली. चाचणीतून निसटलेली चूक थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर!

म्हणून बीटावाल्यांना मी वेडे म्हणत नाही. नाशिक फाट्यावरून चाकणकडे जाताना काळ्या-पांढऱ्या नक्षीची स्टिकर लावलेली टेस्ट कार कधी दिसते ना? ती चालवणाऱ्याला पगार असतो आणि गाडी कंपनीची असते. बीटा टाकणारा मात्र फुकट राबतो, तेही स्वतःच्या गाडीवर. त्याचे आभार मानायलाच हवेत. पण ही ट्रायल आहे हे त्याला माहीत हवं आणि ती त्याने स्वतःहून घेतलेली हवी. भाऊ, रूममेट किंवा ऑफिसातल्या कुणा उत्साही कार्ट्याने आपल्या वतीने नव्हे.

तेव्हा दोस्तहो, हौस जरूर करा. जुनं, अडगळीत पडलेलं मशीन काढा, बॅकअप घ्या, आवृत्तीसोबतच्या नोट्समधल्या 'माहीत असलेल्या अडचणी' आधी वाचा आणि मग टाका. बॅकअपने फाइल्स वाचतात, चिप वाचेलच असं नाही, हे मात्र विसरू नका. आणि ज्या मशीनवर महिन्याचं भाडं निघतं, ते या खेळातून बाहेर ठेवा.

मावसभावाला मी परवा हेच सुचवलं. आता तो जुन्या बाजारात सेकंडहँड लॅपटॉप शोधतोय. चहा मात्र अजून माझ्याकडेच!