सज्ज्यातील कृत्तिका

आमचे कोगनोळी गाव पुणे–बंगळूर महामार्गास लागून आहे. सूर्य मावळला की रस्त्यावरील दिव्यांचा उजेड आभाळभर पसरतो आणि अमावास्येची रात्रही राखी रंगाची होते. गेल्या मार्गशीर्ष अमावास्येस आम्ही घराच्या सज्ज्यातून मुलीस कृत्तिका दाखवू लागलो. तिच्या वयाचे असताना आमच्या वडिलांनी आम्हांस त्या सहा मोजून दाखविल्या होत्या. तिला तीनच दिसल्या. "बाबा, बाकीच्या विझल्या का?" या तिच्या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो.

उत्तरादाखल आम्ही कॅमेरा तिपाईवर बसविला. पृथ्वी फिरत असल्यामुळे कॅमेरा अधिक वेळ उघडा ठेवल्यास तारे रेघेसारखे उमटतात. म्हणून चार-चार सेकंदांची १०० छायाचित्रे घेतली व ताऱ्यावर तारा जुळेल अशी संगणकात एकावर एक रचली. चित्रातील बारीक दाणे दर खेपेस निराळे, तारे मात्र तेच. म्हणून बेरजेत तारे उठून दिसतात. पडद्यावर आम्ही दोघांनी ४० पर्यंत तारे मोजले. १६१० साली गॅलिलिओने दूरदर्शकातून पाहून या पुंजातील ३६ तारे रेखाटले होते!

१८८५ मध्ये पॅरिसच्या हेन्री बंधूंना यांतील माया ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ प्रथम छायाचित्रातच सापडला. तो मात्र आमच्या चित्रात उमटला नाही. असले फिकट, पसरट तेज दिव्यांच्या उजेडात बुडून जाते.

आम्ही महामार्गास बोल लावू लागलो, तोच मुलगी म्हणाली, "पण बाबा, आपल्या अंगणातला दिवा चालूच आहे की!" चोराच्या भीतीने आम्हीच लावलेला तो दिवा वर तोंड करून जळत होता. आम्ही ओशाळलो. दिवा मालवून, डोळे अंधारास सरावेपर्यंत वीस मिनिटे बसलो. तिला चौथी कृत्तिका दिसली, मग पाचवी. सहावी काही दिसली नाही.

विद्यार्थिमित्रहो, कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षे चालून आपल्यापर्यंत येतो. शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी निघालेल्या या पाहुण्यास आपण आपल्याच अंगणात अडवावे काय? महामार्ग आपल्या स्वाधीन नाही. दारचा दिवा आहे. त्याचे तोंड खाली करा, वरून झाकण घाला आणि मग धाकट्या भावंडांस घेऊन कृत्तिका मोजा. आमच्या घरी सहावीचा शोध अजून चालू आहे.